थेंब, बोट आणि जीभ
दूध, ताक, केळीचा गर इत्यादी पातळ खाद्यपदार्थांच्या परीक्षेत पृष्ठभागाचे महत्त्व

दूध पारखण्याच्या दोन रीती ग्रामीण भागात पूर्वापार प्रचलित आहेत. पहिली रीत थेंबाची. तिरप्या धरलेल्या ताटावर दुधाचा थेंब सोडावयाचा. तो सावकाश ओघळला व मागे पांढरी रेघ राहिली तर दूध निर्भेळ समजावयाचे, झरकन् खाली उतरला व मागे काहीच राहिले नाही तर दुधात पाणी आहे असे म्हणावयाचे. दुसरी रीत बोटांची. दुधाचे दोन थेंब अंगठा व तर्जनी यांमध्ये चोळावयाचे. साबणासारखा बुळबुळीतपणा लागला तर दुधात काही भलते मिसळले आहे अशी शंका घ्यावयाची. ह्या दोन्ही रीती अगदीच निराधार नाहीत. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने नागरिकांसाठी तयार केलेल्या जलद चाचण्यांच्या पुस्तिकेतही थेंबाच्या परीक्षेचा समावेश आहे.

परंतु ह्या परीक्षा करताना एक गोष्ट सहसा विसरली जाते. समजा, एकाच चरवीतील दूध दोन घरी गेले. एका घरी थेंबाने पांढरी रेघ सोडली. दुसऱ्या घरी तो गोळीसारखा घसरला व मागे कोरडे ताट राहिले. पहिल्या घरी दूध घालणारा प्रामाणिक ठरला, दुसऱ्या घरी तोच भेसळ करणारा ठरला. वास्तविक दूध तेच होते. फरक होता तो ताटात. दुसऱ्या घरच्या ताटाला तुपाचा ओशटपणा राहिला होता. गावात एकदा माणसाच्या नावाला लागलेला डाग सहजासहजी निघत नाही. म्हणून कोणताही पातळ पदार्थ पारखताना तो ज्या पृष्ठभागावर तपासला जातो त्या पृष्ठभागाचे गुणधर्म समजून घेणे शेतकरी व ग्रामकार्यकर्ते या दोघांनाही अगत्याचे आहे.

खानदेशात ह्या विषयाला विशेष महत्त्व आहे. रावेर, यावल, चोपडा हे जळगाव जिल्ह्यातील तालुके केळीसाठी प्रसिद्ध आहेत; जळगावच्या केळ्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जैन समूहाने जळगाव येथे फळांचा गर काढण्याचा उद्योग उभारलेला आहे. धुळे व जळगाव या दोन्ही जिल्ह्यांत दुधाचा जोडधंदा आहे, आणि ताक, लस्सी, फळांचे पेय यांसारखे पदार्थ तयार करून विकण्याकडे महिला बचत गटांचे लक्ष वळत आहे. असा पदार्थ विकत घेणारा ‘तोंडाला गुळगुळीत लागतो’ किंवा ‘घशाला खरखर लागते’ असे म्हणतो, तेव्हा तो घर्षण व वंगण यांविषयीच बोलत असतो.

घर्षण व वंगण म्हणजे काय?

दोन पृष्ठभाग एकमेकांवर सरकू लागले की त्यांच्या गतीला जो विरोध होतो त्यास घर्षण म्हणतात. दहा किलोचे पोते फरशीवरून ओढण्यास चार किलो वजनाइतकी ओढ लागली तर घर्षणाचे प्रमाण ४ भागिले १०, म्हणजे ०.४ झाले. ह्या आकड्याला घर्षणांक म्हणतात. आकडा जितका लहान तितके सरकणे सुलभ.

दोन पृष्ठभागांमध्ये एखादा द्रव पदार्थ आला व त्याने घर्षण कमी केले की त्यास वंगण म्हणावयाचे. बैलगाडीच्या आसाला वंगण देतात ते ह्यासाठीच. गाडीच्या आसाचे निरीक्षण केल्यास वंगणाच्या तीन अवस्था सहज ध्यानात येतील.

गाडी भरलेली आहे व नुकतीच हलू लागली आहे. भार मोठा व वेग अल्प असल्यामुळे वंगण दोन भागांमधून दाबून बाहेर जाते आणि पृष्ठभाग एकमेकांना जवळजवळ भिडतात. त्यांच्यामध्ये उरतो तो केवळ काही रेणूंचा थर. ही पहिली अवस्था. येथे घर्षण अधिक असते.

गाडी चालू लागली की फिरण्याबरोबर थोडे वंगण आत ओढले जाते. काही ठिकाणी पृष्ठभाग भिडलेले, काही ठिकाणी वंगणाने अलग झालेले, अशी ही मधली अवस्था होय. वेग वाढेल तसे घर्षण झपाट्याने कमी होत जाते.

वेग आणखी वाढला की वंगणाचा अखंड थर तयार होतो व पृष्ठभाग एकमेकांपासून पूर्णपणे सुटतात. ही तिसरी अवस्था. ह्यापुढे घर्षण ठरते ते द्रवाच्या दाटपणावरून, म्हणजे श्यानतेवरून. आणि वेग वाढल्यास घर्षण पुन्हा थोडे वाढू लागते. जर्मन अभियंता रिचर्ड स्ट्रिबेक यांनी यंत्रांच्या बेअरिंगांवर प्रयोग करून घर्षणाचा हा उतार-चढाव १९०२ मध्ये मांडला. म्हणून ह्या आलेखास आजही त्यांचेच नाव आहे.

येथे मुख्य मुद्दा असा की, तिसऱ्या अवस्थेत पृष्ठभाग कसा आहे ह्यास फारसे महत्त्व नसते. द्रव दाट की पातळ एवढेच पाहावे लागते. परंतु पहिल्या व मधल्या अवस्थेत पृष्ठभागाचे गुणधर्म निर्णायक ठरतात. जीभ टाळूवर घासते तेव्हा घोटाचा बराचसा भाग अगोदरच घशात गेलेला असतो व मध्ये उरतो तो पातळ थर. म्हणजे खाद्यपदार्थाचा गुळगुळीतपणा बहुतांशी पहिल्या व मधल्या अवस्थेतच जाणवतो.

दाटपणा व गुळगुळीतपणा ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पिठाची पेज दुधापेक्षा दाट असते, पण दुधासारखी मऊ लागत नाही. म्हणून केवळ दाटपणा मोजून पदार्थ तोंडाला कसा लागेल हे सांगता येत नाही.

पृष्ठभागाचे चार गुणधर्म

पहिला गुणधर्म ओलावा धरण्याचा. ‘अळवावरचे पाणी’ हा वाक्प्रचार सर्वांना परिचित आहे. अळूच्या पानावर सूक्ष्म उंचवटे व त्यांवर मेणचट थर असल्यामुळे पाण्याचा थेंब तेथे पसरत नाही. मोत्यासारखा गोल राहतो व घरंगळतो. स्वच्छ धुतलेल्या काचेवर तोच थेंब पसरून जातो. थेंबाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते त्यास स्पर्शकोन म्हणतात. अगदी स्वच्छ काचेवर तो जवळजवळ शून्य असतो, सिलिकोन रबरावर १०५ ते ११० अंशांच्या घरात असतो, तर अळूच्या पानावर १५० अंशांच्या आसपास जातो. कोन लहान असेल तर पृष्ठभाग पाणी धरणारा, मोठा असेल तर पाणी झटकणारा समजावा. पाणी झटकणारे पृष्ठभाग बहुधा तेल-तुपाला मात्र सहज धरतात. दूध म्हणजे पाण्यात विखुरलेले लोण्याचे बारीक कण. म्हणून पृष्ठभाग पाणी धरणारा आहे की स्निग्ध पदार्थ धरणारा, यावर दुधाचे वागणे अवलंबून राहते.

दुसरा गुणधर्म खरखरीतपणाचा. डोळ्यांना गुळगुळीत दिसणाऱ्या ताटावरही सूक्ष्म ओरखडे, उंचवटे व खळगे असतात. पृष्ठभाग जितका खडबडीत तितका द्रवाचा थर जाड असावा लागतो. तरच दोन पृष्ठभाग अलग होतात. म्हणून खडबडीत पृष्ठभागावर तिसरी अवस्था येण्यास अधिक वेग लागतो. शिवाय द्रवातील कण खळग्यांपेक्षा लहान असतील तर ते खळग्यात लपतात व जाणवत नाहीत. मोठे असतील तर मध्ये अडकून घर्षण वाढवितात.

तिसरा गुणधर्म मऊपणाचा. पोलादाची गोळी पोलादी चकतीवर दाबली असता सारा भार एका बिंदूएवढ्या जागेवर येतो. जीभ टाळूवर दाबली असता ती पसरते आणि भार विस्तृत जागेवर वाटला जातो. पोलादाच्या जोडीतील दाब जिभेच्या दाबाच्या हजारो पट असू शकतो. अशा दाबाखाली दुधाचा थर जसा वागेल तसा तो तोंडात वागणार नाही.

चौथा गुणधर्म पृष्ठभागावर अगोदरच बसलेल्या थराचा. धूळ, ओशटपणा, साबणाचा अंश, घाम, लाळ हे सर्व ह्यात येते. थर डोळ्यांना दिसत नसला तरी द्रवाची गाठ प्रथम त्याच्याशीच पडते. पृष्ठभाग कोणत्या पदार्थाचा आहे यापेक्षा त्यावर काय बसले आहे हेच पुष्कळदा महत्त्वाचे ठरते.

थेंबाची परीक्षा कशी करावी?

दुधातील केसिन नावाचे प्रथिन व स्निग्धांशाचे कण प्रकाश विखुरतात म्हणून दूध पांढरे दिसते. स्वच्छ ताटावरून थेंब ओघळताना ताट ओले होते, मागे दुधाचा पातळ थर राहतो व तीच पांढरी रेघ होय. पाणी मिसळलेल्या दुधात हे कण विरळ असतात, दूध अधिक पातळ असते, म्हणून थेंब लवकर उतरतो व रेघ फिकट होते. परीक्षेचे तत्त्व एवढेच आहे.

आता पृष्ठभाग बदलल्यास काय होईल पाहा. ताट ओशट असेल तर शुद्ध दुधाचा थेंबही ताटाला धरत नाही. गोळा होऊन घसरतो आणि रेघ तुटक पडते किंवा पडतच नाही. येथे चांगले दूध वाईट ठरते. ह्याउलट ताट जुने, ओरखडे पडलेले अथवा धुळीचे असेल तर पाणी मिसळलेले दूधही खळग्यांत अडकते, सावकाश उतरते व मागे खूण ठेवते. येथे वाईट दूध चांगले ठरते. चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते, हे विशेष ध्यानात ठेवावे.

पृष्ठभागाखेरीज उष्णतामानही पाहावे लागते. नुकतेच काढलेले दूध कोमट असते; कोमट द्रव पातळ होतो व जलद वाहतो. थंड केलेले दूध सावकाश वाहते. गाईच्या दुधापेक्षा म्हशीच्या दुधात घनपदार्थ अधिक असतात, म्हणून दोहोंच्या थेंबांची तुलना करणे योग्य नाही.

ही परीक्षा करावयाचीच असल्यास ती पुढीलप्रमाणे करावी. गुळगुळीत स्टीलचे ताट किंवा काचेचा तुकडा धुण्याच्या पावडरीने धुऊन भरपूर स्वच्छ पाण्याने खळखळून घ्यावा व निथळू द्यावा. साबणाचा अंश राहिल्यास थेंब वाजवीपेक्षा अधिक पसरतो. कापडाने पुसावयाचे झाल्यास कापड धुतलेले असावे. ताटाच्या एका कडेखाली नेहमी तेवढ्याच उंचीचे टेकण द्यावे. शंका असलेल्या दुधाच्या थेंबाशेजारी, आपल्यासमोर काढलेल्या त्याच जातीच्या जनावराच्या दुधाचा एक थेंब व त्याच दुधात चौथाई पाणी मिसळून एक थेंब, असे तीन थेंब एकाच वेळी सोडावे. तिन्ही दुधे सारख्याच उष्णतामानाची असावीत. असे केल्यास ताटातील दोष तिन्ही थेंबांना सारखाच लागू होतो व तुलना न्याय्य होते.

एवढी काळजी घेऊनही ही परीक्षा केवळ शंका उत्पन्न करू शकते, निर्णय देऊ शकत नाही. निर्णयासाठी फॅट व एस.एन.एफ. यांची रीतसर तपासणीच करावी लागते. केवळ लॅक्टोमीटरच्या अंशांवरही विसंबू नये. साय काढली असता दुधाची घनता वाढते व पाणी घातले असता कमी होते. दोन्ही एकत्र केल्यास लॅक्टोमीटर पुन्हा ठीक अंश दाखवितो.

बोटांची परीक्षा

बोटांच्या परीक्षेत दोन्ही पृष्ठभाग आपल्या कातडीचे असतात. कातडी मऊ आहे, तिच्यावर रेघा आहेत आणि तिच्यावर तेलकटपणा व घाम असतो. दुधात धुण्याची पावडर मिसळलेली असेल तर तिचे रेणू कातडीवर बसून पातळ थर तयार करतात व बोटे सहज घसरतात. दुधात सोड्यासारखा क्षार पुरेशा प्रमाणात घातला असेल तर कातडीवरील तेलकटपणाशी त्याचा संयोग होऊन साबणासारखा स्पर्श होऊ शकतो.

परंतु दूध काढताना ज्यांनी सडांना तूप किंवा लोणी लावले, ज्यांचे हात नुकतेच पेंडीत होते, अथवा ज्यांनी हात साबणाने धुऊन नीट खळखळले नाहीत, त्यांना कोणतेही दूध बुळबुळीत लागेल. शेतकामाने घट्टे पडलेल्या बोटांना बारीक फरक कळणार नाही. म्हणून हात स्वच्छ पाण्याने धुऊन, कोरडे करून, प्रथम साध्या पाण्याचे दोन थेंब चोळून पाहावे. पाण्यालाच बुळबुळ लागली तर दोष बोटांचा आहे, दुधाचा नव्हे.

प्रयोगशाळेतील घर्षण-परीक्षा

प्रयोगशाळेत हीच गोष्ट यंत्राने करतात. एक गोळी किंवा लहान तुकडा फिरत्या चकतीवर ठराविक भाराने टेकवितात, मध्ये खाद्यपदार्थ सोडतात आणि निरनिराळ्या वेगांना घर्षणांक मोजतात. ही यंत्रे मूळ मोटारीच्या तेलासाठी तयार झाली असल्यामुळे त्यांतील गोळी व चकती पोलादाची असत. जीभ पोलादाची नाही, म्हणून खाद्यपदार्थांसाठी रबर, सिलिकोन यांसारखे मऊ पृष्ठभाग वापरण्यास सुरुवात झाली. डुकराच्या जिभेचा, तसेच दवाखान्यात वापरण्यात येणाऱ्या खरबरीत चिकटपट्टीचाही उपयोग संशोधकांनी करून पाहिला आहे.

सिलिकोन रबर मूळचे पाणी झटकणारे असते. विशिष्ट प्रक्रियेने ते पाणी धरणारे करता येते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ह्या दोन्ही प्रकारच्या रबरांवर पाण्याने होणारे वंगण तपासण्यात आले. जलद वेगाला दोहोंत विशेष अंतर नव्हते. मंद वेगाला मात्र पाणी झटकणाऱ्या रबरावरील घर्षण पुष्कळच अधिक आढळले, आणि रबर खरखरीत केले असता एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाण्याचा वेग पुढे सरकला. पाणी तेच, यंत्र तेच. बदलला तो पृष्ठभाग. वर सांगितलेल्या तुपाच्या ताटाचाच हा प्रकार, केवळ मोजून दाखविलेला.

नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१२ मध्ये कमी-अधिक स्निग्धांशाचे दूध रबरी पृष्ठभागावर तपासले. स्निग्धांश सुमारे १ टक्क्याच्या पुढे गेल्यावर घर्षण कमी होत गेले व चाखणाऱ्यांनाही ते दूध अधिक सायीदार वाटले. ह्याचे कारण असे की, दुधातील लोण्याचे कण साधारणतः काही मायक्रोमीटर व्यासाचे, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढे असतात. दोन पृष्ठभागांमध्ये ते चेंगरले जाऊन एकमेकांत मिळतात, स्निग्ध पदार्थ धरणाऱ्या रबरावर पसरतात व तेथे तुपाचा पातळ थर देतात. पृष्ठभाग पाणी धरणारा असेल तर कणांना तेथे बसण्यास वाव कमी मिळतो व कमी-अधिक स्निग्धांशाचा फरक घर्षणात दिसून येईलच असे नाही. ह्यावरून ‘अमुक दुधाचा घर्षणांक इतका’ असे म्हणण्यास अर्थ नाही, हे स्पष्ट होईल. अमुक पृष्ठभागावर, अमुक भाराखाली, अमुक वेगाला व अमुक उष्णतामानाला इतका, असेच म्हणावयास हवे.

जिभेची नक्कल करणे सोपे नाही. जिभेवर बारीक काट्यांसारखे अंकुर असतात. ती मऊ असते आणि तिच्यावर लाळेचा पातळ थर असतो. लाळेतील प्रथिने पृष्ठभागाला चिकटून उत्तम वंगण देतात. इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये जिभेवरील अंकुरांची रचना, मऊपणा व ओलावा धरण्याचा गुण यांची नक्कल करणारा सिलिकोनचा पृष्ठभाग तयार केला.

खानदेशातील पदार्थांना हे कसे लागू पडते?

ताक व लस्सी. तोंडाला लागणारी खरखर बहुधा दह्यातील प्रथिनांच्या मोठ्या कणांमुळे येते. गुळगुळीत पोलादावर ते कण चिरडले जातात किंवा बाजूस सारले जातात व दोष दिसत नाही. अंकुरयुक्त मऊ पृष्ठभागावर तो उघड होतो. दही लावण्यापूर्वी दूध ८५ ते ९० अंश सेल्सियसपर्यंत तापवून काही वेळ त्या उष्णतामानास ठेवल्यास दही घट्ट व एकजीव लागते. पुढे ते नीट घुसळून स्वच्छ कापडातून गाळून घेतल्यास मोठे कण निघून जातात. कमी स्निग्धांशाच्या ताकाचा गुळगुळीतपणा टिकविण्याचा हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

केळीचा गर. कच्च्या केळ्यात टॅनिन नावाची तुरट द्रव्ये असतात. ती लाळेतील प्रथिनांना पकडतात, जिभेवरील वंगणाचा थर विस्कटतो, घर्षण वाढते व तोंड ‘आवळते’. तुरटपणाच्या अनुभवात ह्या घर्षणाचा मोठा वाटा आहे. केळे पिकताना ही द्रव्ये बांधली जातात व विरघळेनाशी होतात. त्याच वेळी कच्च्या केळ्यातील सुमारे २० टक्के पिष्ट उतरून १ ते २ टक्क्यांवर येते व त्याची साखर होते. अर्धकच्ची केळी गरात मिसळली तर गर तुरट व पिठूळ लागतो. ही गोष्ट कोरड्या, लाळविरहित रबरावरील परीक्षेत नीट उमटणार नाही. कारण टॅनिनने ज्या थराची हानी करावयाची तो थरच तेथे नाही. अशा परीक्षेसाठी पृष्ठभागावर अगोदर लाळेचा किंवा लाळेसारख्या द्रवाचा थर द्यावा लागतो. शेतकऱ्याच्या हाती असलेला उपाय म्हणजे सारख्या पिकलेल्या फण्यांचीच निवड करणे.

शेंगदाण्याचे तेल. तेल शिळे होऊ लागले की त्यात मुक्त स्निग्धाम्ले वाढतात. ही आम्ले धातूला चिकटून बसतात व मंद वेगाचे घर्षण कमी करतात. त्यामुळे पोलादी पृष्ठभागावर शिळे तेल ताज्या तेलापेक्षा अधिक गुळगुळीत ठरण्याचा संभव असतो. यंत्राला चांगले ते खाण्याला चांगले असे मुळीच नाही. तेलाची पारख आम्लांक व वास यांवरूनच करावी.

सभेत दाखविण्याजोगा प्रयोग

ग्रामकार्यकर्त्याने हा विषय केवळ सांगू नये. तो करून दाखवावा. त्यास खर्च नाही. दोन सारखी नवी स्टीलची ताटे व अळूचे एक पान घ्यावे. दोन्ही ताटे स्वच्छ धुऊन खळखळून घ्यावीत. एका ताटाला बोटभर तूप चोळून कापडाने पुसून काढावे, इतके की डोळ्यांना ते दिसू नये. दोन्ही ताटे व पान सारखेच तिरपे ठेवावे. नंतर सर्वांसमोर काढलेल्या दुधाचा एकेक थेंब तिन्हींवर सोडावा. स्वच्छ ताटावर रेघ उमटेल. ओशट ताटावर थेंब गोळा होऊन घसरेल. अळूच्या पानावर तो बहुतांशी खूण न ठेवता घरंगळेल. नंतर बारीक वाळूने घासलेल्या जुन्या ताटावर पाणी मिसळलेले दूध सोडून उलट प्रकारची चूकही दाखवावी. मग सभेला प्रश्न विचारावा : दूध एकच असता त्याचे तीन निकाल का लागले? उत्तर लोक स्वतःच देतील व ते त्यांच्या ध्यानात राहील.

नमुना पाठविताना व अहवाल वाचताना

१. परीक्षा कोणत्या पृष्ठभागांच्या जोडीवर झाली ते अहवालात पाहावे : पोलाद, काच, रबर की अन्य काही. त्याचा उल्लेख नसल्यास तो मागून घ्यावा.

२. पृष्ठभाग पाणी धरणारा होता की झटकणारा, गुळगुळीत की खरखरीत, हे विचारावे. प्रत्येक नमुन्यापूर्वी तो स्वच्छ केला होता की नाही, हेही विचारावे. दुधाच्या नमुन्यानंतर रबरावर तुपाचा अंश राहतो व पुढच्या नमुन्याचा निकाल बिघडतो.

३. परीक्षा किती उष्णतामानास झाली ते पाहावे. तोंडातील उष्णतामान ३५ ते ३७ अंश सेल्सियसच्या आसपास असते; थंड दुधात लोण्याचा बराच भाग घट्ट असतो.

४. दोन निरनिराळ्या प्रयोगशाळांच्या आकड्यांची तुलना करू नये. एकाच यंत्रावर, एकाच पृष्ठभागावर, एकाच दिवशी तपासलेल्या नमुन्यांचीच तुलना करावी.

५. आपल्या नमुन्यासोबत बाजारात पसंत पडलेल्या तशाच पदार्थाचा एक नमुनाही पाठवावा. आकड्याला अर्थ येतो तो तुलनेने.

६. यंत्राच्या निकालासोबत चार-पाच माणसांना पदार्थ चाखावयास देऊन त्यांचे मत लिहून ठेवावे. कोणता नमुना कोणता हे त्यांना अगोदर सांगू नये.

७. थेंबाच्या वा बोटांच्या परीक्षेवरून कोणाही शेतकऱ्यास भेसळीचा दोष देऊ नये. शंका आल्यास नमुना त्याच्यासमक्ष घेऊन रीतसर तपासणीस पाठवावा.

दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांनीही ह्या माहितीचा उपयोग करून घ्यावा. आपल्या दुधाचा थेंब घसरला असे कोणी म्हटल्यास वाद न घालता ताट धुऊन मागावे, शेजारी खात्रीच्या दुधाचा थेंब सोडावयास सांगावे व तरीही शंका उरल्यास फॅट व एस.एन.एफ. काढून घेण्याचा आग्रह धरावा. ज्याचे दूध चोख आहे त्याला अशा तपासणीपासून भय नाही. आणि ज्याने पाणी घातले आहे त्याला घासलेल्या ताटाचाही आसरा मिळणार नाही.